पाशा तांबोळीचा कान

पाशा तांबोळीच्या कानाची कीर्ती दौंडपासून शिरूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यात जास्त ठाऊक होती ती खुद्द पाशाला. बिघडलेला अॅम्प्लिफायर समोर आला की तो मीटर लावायचा नाही, झाकणही उघडायचा नाही. डोळे मिटून अर्धं गाणं ऐकायचा आणि बोट ठेवून सांगायचा, इथला ट्रान्झिस्टर गेलाय. झाकण उघडलं की नेमका तोच गेलेला निघायचा. असं खरोखर दहाएक वेळा झालं असेल. उरलेले चाळीस किस्से लोकांनी पदरचे घातले होते, आणि पाशाने त्यातला एकही कधी नाकारला नाही. मीटर आकडा दाखवतो, आवाज दाखवत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. गिऱ्हाईक ते ऐकून मान डोलवायचं आणि सेट ठेवून निर्धास्त घरी जायचं.

२००२ सालच्या डिसेंबरात त्याला भांडगावच्या हौसरावांचा निरोप आला. हौसराव म्हणजे चाळीस एकर उसाचे मालक, कारखान्याच्या राजकारणात मुरलेले. त्यांचा धाकटा मुलगा इंद्रजीत शिरूरला ऑर्केस्ट्रा चालवायचा. रांजणगावात कंपन्या आल्यापासून त्यांच्या वार्षिक समारंभांची कामं त्याला मिळत होती, आणि चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा होत्याच. हौसरावांनी पाशाला चहाही न विचारता थेट गोठ्यात नेलं, कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारल्या आणि एक ताडपत्री ओढली.

पाशा जागच्या जागी थिजला. खाटेएवढं एक मशीन होतं, त्यावर बोटभर धुळीचा थर आणि मधोमध एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडीला हुसकावल्यावर खालून घुंड्यांच्या रांगा दिसल्या. पाशाने बाहीने धूळ पुसली. चोवीस चॅनेलचा मिक्सर, कडेला पितळी पट्टी, त्यावर इंग्लंडच्या कुठल्याशा गावाचं नाव आणि साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा असा प्रत्येकाचा आवाज वेगळा आत घ्यायचा, हवा तसा घडवायचा आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज बाहेर काढायचा, हे या मशीनचं काम. असला मिक्सर पाशाने आयुष्यात फक्त एका जुन्या कॅटलॉगातल्या फोटोत पाहिला होता.

मुंबईतला एक स्टुडिओ बंद पडला, सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि हे धूड भंगारात निघालं, असं हौसराव सांगत होते. त्यांनी ते पितळी पट्टी बघून घेतलं होतं, इंद्रजीतच्या हापिसात शोभेल म्हणून. हापिसाच्या दारातून ते आत जाईना, म्हणून गोठ्यात आलं. त्याला चार वर्षं झाली. दुभती म्हैस उन्हात बांधली तर अख्खं गाव मालकाला नावं ठेवतं, आणि हे इथे चार वर्षं शेणात उभं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"चालू करून दाखीव," हौसराव म्हणाले. "चाललं तर त्याच्यावर बसायचं बी तूच. इंद्रजीतच्या आर्केस्ट्राचा कायमचा साउंडवाला. बोल."

पाशाचे कान तापले. तीस वर्षं तो लिंबाच्या झाडांवर भोंगे बांधत आला होता. जत्रा, उरूस, लग्नं, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे तो भोंग्यांच्या आणि जनरेटरच्या जवळ उभा. मोठा कार्यक्रम असला की मिक्सरवर बसायला पुण्याहून कुणीतरी काळा टी-शर्ट घालून यायचा आणि पाशाला नावाने हाक न मारता "ए भोंगेवाले" म्हणायचा. त्या खुर्चीवर एकदा आपण बसावं, एवढी एकच गोष्ट पाशाला हवी होती. ती त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. फरीदाला मात्र ती न सांगता ठाऊक होती.

फरीदा म्हणजे पाशाची बायको. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. दौंडात त्यांचं दुकान पुढच्या खोलीत होतं आणि घर मागे. घरात दोघं दखनी बोलत, पण धंद्याची गोष्ट निघाली की आपोआप मराठीवर येत. पाशाला चाळिशीचा चष्मा लागल्यापासून बारीक सोल्डरचं काम फरीदाच करायची. कंडेन्सर, रेझिस्टन्स, त्यांचे रंग, त्यांचे आकडे, सगळं तिला तोंडपाठ होतं. पण गिऱ्हाईक दारात आलं की ती हातातलं ठेवून आत जायची आणि सेट पाशाचा व्हायचा. हे असं का, ते दोघांनीही कधी एकमेकांना विचारलं नव्हतं.

दुकानाचा एक नियम होता. दुरुस्त झालेला सेट दोन दिवस ओट्यावर रेडिओ लावून चालता ठेवायचा, आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. पाशाच्या वडिलांपासूनची ही पद्धत. कुणी कितीही घाई केली, आमदाराची सभा असली, तरी शुक्रवार दुपारच्या आधी माल हलायचा नाही.

मिक्सर टेम्पोतून दौंडात आला आणि दोघं त्याला भिडले. आतून उंदराची दोन घरटी निघाली, गांधीलमाश्यांचं एक पोळं निघालं, आणि कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी सांडलेल्या चहाचा डाग निघाला. एकेका चॅनेलची पट्टी स्क्रू काढून बाहेर काढायची, स्पिरिटने धुवायची, सुकलेले कंडेन्सर उपटून नवे लावायचे, फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या घुंड्या, उघडून त्यांच्या रुळांवरचा गंज ब्रशने काढायचा. अशा चोवीस पट्ट्या. लोडशेडिंगमुळे सोल्डरिंग आयर्न गरम होईपर्यंत लाईट जायची. पुण्याला कंडेन्सर आणायला पाशा तीनदा गेला. दीड महिना घरात दुसरं बोलणं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी वीज जोडली. दिव्यांच्या दोन रांगा लागल्या, काट्यांच्या मीटरमागे पिवळा उजेड आला आणि कुठेही धूर निघाला नाही. पाशाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. मग त्याने पहिल्या चॅनेलला माईक लावला आणि फरीदाला हाक मारली.

आवाज तपासायची पाशाची स्वतःची रीत होती. लोक "हॅलो हॅलो, एक दोन तीन" म्हणतात, त्यातून भरडा आवाज कळतो. बारीक आवाज कळायला पाशा फरीदाला माईकसमोर उभी करायचा आणि हातातल्या काचेच्या बांगड्या हलवायला सांगायचा. काच स्पष्ट किणकिणली तर सेट पास. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासूनची ही रीत होती, आणि त्यापायी फरीदाने सोन्याच्या बांगड्या कधी मागितल्या नाहीत असं पाशा चारचौघांत हसून सांगायचा.

फरीदाने मनगट हलवलं. स्पीकरमधून काहीच आलं नाही. तिचा हात माईकला लागल्याचा धप्प आवाज आला, पण काच नाही. पाशाने दुसरं चॅनेल लावलं, तिसरं लावलं. सगळीकडे तेच.

"मला तर येतंय ऐकू," फरीदा हळूच म्हणाली.

पाशाने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढे काही बोलली नाही. कंडेन्सर डुप्लिकेट आहेत असं त्याने जाहीर केलं आणि चोवीसच्या चोवीस पट्ट्या पुन्हा उघडल्या. पुण्याच्या दुकानदाराला जाऊन तो भर बाजारात वाट्टेल ते बोलला. वीस वर्षांचा संबंध असलेल्या त्या माणसाने दुसऱ्या कंपनीचा माल काढून दिला. तो लावला. फरीदाने पुन्हा बांगड्या हलवल्या. पुन्हा काच नाही. पंधरा दिवस असे गेले. इंद्रजीतचा दोनदा फोन आला. शिरूरच्या मंगल कार्यालयात चाचणी ठरली होती, कंपन्यांची माणसं येणार होती, आणि पाशाला घास गोड लागेना.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी फरीदा मागे भाकरी थापत असताना पाशाने शेवटचा उपाय केला. मिक्सरमध्येच चाचणीचे सूर काढणारी एक घुंडी होती. जाड, मधला आणि बारीक असे तीन सूर. पाशाने जाड लावला, खोली घुमली. मधला लावला, स्पष्ट आला. बारीक लावला आणि शांतता. मीटरचा काटा मात्र मधोमध जाऊन उभा होता. पाशाला संताप आला. मीटर खोटं बोलतं हे तो तीस वर्षं सांगत होता, आणि आता ते त्याच्या तोंडावर खोटं बोलत होतं. त्याने फेडर वर ढकलला. शांतता. आणखी वर ढकलला. काटा लाल पट्टीत जाऊन आपटला. शांतता. पाशा स्पीकरसमोर वाकला, कान पार जाळीला लावला आणि एका हाताने फेडर शेवटपर्यंत नेला.

मागचं दार धाडकन उघडलं. फरीदा पिठाचे हात दोन्ही कानांवर दाबून धावत आली, तिचा चेहरा दुखण्याने वेडावाकडा झाला होता. तिने पायानेच जमिनीवर ठेवलेल्या बोर्डाचं बटण दाबलं. ओट्याखाली बांधलेली शेळी खुंट्याभोवती गरगर फिरत होती. समोरच्या किराणावाल्याच्या दुकानातून दोन माणसं बाहेर येऊन इकडेच बघत होती.

पाशाचा कान अजून जाळीलाच होता.

फरीदा भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा श्वास वरखाली होत होता. कानांवर पिठाच्या बोटांचे ठसे उमटले होते. पाशाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शेळीकडे, एकदा त्या दोन माणसांकडे. मग त्याला कळलं. अंगावर वीज पडलेल्या माणसाला वेदना होत नाही म्हणतात. पाशाला फक्त एवढंच जाणवलं की आता खाली बसायला हवं.

"कवापासनं?" त्याने विचारलं.

"मला कळलं त्याला दोन वर्सं झाली."

"दोन वर्सं? आन् गिऱ्हाइकाचं सेट? ते कोण करत हुतं?"

फरीदाने हातांचं पीठ पदराला पुसलं. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि जे सांगितलं ते पहिल्यापेक्षा भयंकर होतं. पाशाला बारीक आवाज कमी यायला लागला तसा तो प्रत्येक सेटमध्ये तो वाढवायला लागला होता. आपल्या कानाला नीट लागेपर्यंत कंडेन्सर बदलायला लावायचा. ओट्यावर रेडिओ लागला की तो आवाज फरीदाच्या कानात सुईसारखा घुसायचा. तिने एकदा सांगून पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, रमजानच्या आधी. तुझ्याच कानात मळ असेल, असं पाशा म्हणाला होता आणि गिऱ्हाइकासमोर हसला होता. तेव्हापासून तिने सांगणं सोडून दिलं. पाशा शुक्रवारी नमाजला गेला की तिच्याकडे दीड तास असायचा. त्या दीड तासात ती ओट्यावरचा प्रत्येक सेट उघडायची, पाशाने घालायला लावलेला कंडेन्सर काढून योग्य तो घालायची, बांगड्या हलवून बघायची आणि झाकण लावून पोळपाटाशी जाऊन बसायची. दर शुक्रवारी, दोन वर्षं.

पाशाला आठवलं, गेल्या वर्षी इंद्रजीत एक अॅम्प्लिफायर घेऊन गेला होता आणि आठ दिवसांनी मुद्दाम फोन करून म्हणाला होता, चाचा, हात लई गोड झालाय तुमचा अलीकडं. पाशाने ते कौतुक उशाशी घेऊन झोपावं तसं जपलं होतं. हौसरावांना मिक्सरसाठी पाशा आठवला तो त्याच अॅम्प्लिफायरमुळे.

त्या दिवशी तिन्हीसांजेला पाशा ओट्यावर बसला होता आणि त्याला आणखी एक गोष्ट उमगली. गेली काही वर्षं तो सगळ्यांना ठासून सांगायचा की उसावरच्या औषधांनी रातकिडे संपले, आता एकसुद्धा ऐकू येत नाही. लोक हो हो म्हणायचे. त्याने समोरून जाणाऱ्या एका पोरीला थांबवून विचारलं, रातकिडे ओरडतायत का ग? पोर म्हणाली, किती तरी, आणि हसत पळून गेली. पाशा तिथेच बसून राहिला. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

चार दिवस तो फरीदाशी बोलला नाही. राग तिच्यावर नव्हता, पण कुणावर तरी काढायला हवा होता आणि घरात तीच होती. पाचव्या दिवशी तो बोलला, आणि जे बोलला ते ठरवून आलेलं होतं. चाचणीला फरीदाने त्याच्याशेजारी बसायचं. बारीक आवाज जास्त झाला की पायाने त्याचा पाय दाबायचा, कमी झाला की सोडायचा. कुणाला काही कळणार नाही.

"दोन वर्सं मी चोरून केलं, ते तुमच्यापासनं," फरीदा म्हणाली. "आता तुमच्यासंगं मिळून लोकांपासनं करायचं? मला न्हाई जमायचं."

पाशाने पुन्हा विचारलं नाही. शिरूरला ती आली खरी, कारण हौसरावांच्या बायकोने, साखरबाईंनी, तिला खास बोलावलं होतं. पाटस, चौफुला, न्हावरा असा टेम्पो सकाळी निघाला. मिक्सर मागे गाद्यांत बांधलेला, आणि पुढे पाशा आणि फरीदा ड्रायव्हरशेजारी खांद्याला खांदा लावून गप्प. मनातल्या मनात पाशा एकच गोष्ट घोकत होता, की सगळ्या घुंड्या मधोमध ठेवायच्या आणि त्यांना हात लावायचा नाही. मशीन चांगलं आहे, ते आपलं आपण बोलेल. एवढं जमलं की खुर्ची आपली.

मंगल कार्यालयात चाळीसेक माणसं होती. ऑर्केस्ट्रातले वादक, रांजणगावचे दोन अधिकारी, हौसरावांची कारखान्यातली मंडळी. फरीदा तिसऱ्या रांगेत साखरबाईंशेजारी बसली. पुसून चकचकीत केलेला मिक्सर मधोमध मांडला होता, लोक त्याच्याभोवती फिरून पितळी पट्टी वाचत होते. इंद्रजीतने हात धरून पाशाला खुर्चीवर बसवलं. खुर्ची साधी लोखंडी, मंगल कार्यालयाचीच होती. पण तीस वर्षांनी पाशा तिच्यावर बसला.

ढोलकी नीट आली, कीबोर्ड नीट आला. मग इंद्रजीतची बायको, सुलक्षणा, माईकवर आली. ऑर्केस्ट्राची मुख्य गायिका तीच. तिने तोंड उघडलं आणि पाशाला तो आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला. ते आपल्या कानामुळे आहे हे त्याला माहीत होतं. पंधरा दिवसांत हजार वेळा स्वतःला बजावलेलं होतं. तरी त्याचा हात उठला. तीस वर्षांची खोड होती, ती पंधरा दिवसांत जाते कुठे. त्याने बारीक आवाजाची घुंडी थोडी फिरवली. मग आणखी थोडी. घोंगडी जराशी सरकल्यासारखं वाटलं, म्हणून आणखी.

पहिल्या रांगेतला एक अधिकारी खुर्चीत मागे सरकला. ढोलकीवाल्याने डोळे बारीक केले. कुणाच्या तरी मांडीवरचं पोर रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. पाशाने ते सगळं पाहिलं. त्याचा हात घुंडीवर थबकला. आता कुणीतरी बोलेल, म्हणून तो वाट बघू लागला.

"वा, पाशा," हौसराव मागून गरजले. "याला म्हंत्यात आवाज."

इंद्रजीत अधिकाऱ्यांकडे वाकून सांगत होता की स्टुडिओचा आवाज असाच असतो, आपल्याला सवय नसते म्हणून वेगळा वाटतो. अधिकाऱ्यांनी माना हलवल्या. ढोलकीवाला पाशाकडे बघून म्हणाला, कडक.

पाशाला खरं वाटेना. मग त्याने अशी एक गोष्ट केली की जिचं कारण त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. सगळ्यांच्या देखत त्याने ती घुंडी शेवटपर्यंत फिरवली. कुठलाही कारागीर, अगदी नवशिकासुद्धा, तशी ती कधी फिरवणार नाही. सुलक्षणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण ती गात राहिली. दोन वादकांनी माना खाली घातल्या. एका म्हाताऱ्याने टोपी ओढून कानावर घेतली आणि त्याच हाताने पाशाला शाबासकीची खूण केली. कुणीही थांब म्हणालं नाही. चाळीस माणसं आपापले कान खोटे धरून पाशाचा कान खरा मानत होती.

त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. फरीदाने कानांवर हात ठेवले नव्हते. दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ती खाली मान घालून बसली होती. दुखत तिला सगळ्यांत जास्त असणार, पण आपल्या नवऱ्याचा आवाज सहन होत नाही असं तिला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

त्याने मुख्य फेडर खाली ओढला. हॉल शांत झाला. पाशा उठून उभा राहिला.

"आबा, माझं कान गेल्यात," तो हौसरावांकडे बघून म्हणाला. "बारीक आवाज मला ऐकूच येत न्हाई. आता जे ऐकलं तसाच आवाज मी दोन वर्सं सगळ्यांच्या सेटात भरत हुतो. म्या नमाजला गेल्यावर माझ्या बायकोनं एकूणएक सेट परत उघडून नीट केला. इंद्रजीत, तुझा अॅम्प्लिफायर बी तिनंच केला. मला हे पंधरा दिसांपूर्वी कळलं. आन् तरी मी आज हितं येऊन बसलो."

हौसरावांचं तोंड उघडं राहिलं होतं. पाशा चेष्टा करतोय असं समजून एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. इंद्रजीत एकदा पाशाकडे, एकदा तिसऱ्या रांगेकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत चालला होता. मग हौसराव भानावर आले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता तो असा, की मग आता बसायचं कुणी, बाईमाणसानं? जत्रेत, हजार लोकांत?

सुलक्षणा स्टेजवरून खाली उतरली. पदराने डोळे पुसत ती सरळ तिसऱ्या रांगेत गेली आणि फरीदाचा हात धरून तिला उठवलं. सासऱ्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. आपलं डोकं फुटायची वेळ आली होती, आता एक गाणं नीट होऊ द्या, मग काय ते ठरवा, एवढंच ती म्हणाली. हौसराव काही बोलणार होते, पण मघाशी वा म्हटलेला माणूस आता कुठल्या तोंडाने बोलणार? ते खाली बसले.

फरीदा चोवीस चॅनेलसमोर उभी राहिली. पाशाने खुर्ची तिच्याकडे ढकलली. ती बसली आणि खुर्ची पुढे ओढली. पाशा तिथून निघाला आणि जागा एकच रिकामी होती म्हणून तिसऱ्या रांगेत साखरबाईंशेजारी जाऊन बसला.

फरीदाने घुंड्या एकेक करून मागे आणल्या. सुलक्षणा पुन्हा गायला लागली. पाशाच्या कानाला काहीही बदल जाणवला नाही. मघाशी घोंगडी होती, आताही घोंगडीच होती, उलट जरा जाडच. पण हॉलमधली माणसं हळूहळू सैल व्हायला लागली. अधिकारी पुढे सरकून बसला. म्हाताऱ्याने टोपी वर केली. पोराला घेऊन गेलेली बाई दारातून परत आत आली आणि पोर तिच्या खांद्यावर गप्प होतं. इंद्रजीत कमरेवर हात ठेवून उभा होता, त्याने डोळे मिटले होते.

साखरबाई पाशाकडे वाकल्या.

"आता कसं ग्वाड वाटतंय, न्हाई?"

पाशाने खूप कान दिला. मग मान हलवली.

"मला न्हाई कळत, आक्का. तुम्हीच सांगा, काय ऐकू येतंय?"

साखरबाईंनी जन्मात कुणाला असलं काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला.

"पोरगी श्वास घेती, त्यो बी ऐकू येतोय," त्या म्हणाल्या. "गाण्याची वळ सुरू व्हायच्या आदी घेती बघा."

पाशाने सुलक्षणाच्या ओठांकडे पाहिलं. ते हलत होते, गाणं येत होतं. श्वास त्याच्यापर्यंत येत नव्हता.

"घेतला की सांगता का?" त्याने विचारलं.

"आता घेतला," साखरबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आता." गाणं संपेपर्यंत त्या त्याला सांगत राहिल्या.